पन्नास मिलिसेकंदांचा रनआउट

सहा षटकांचा सामना, शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्यात. दुसरी धाव पुरी करायला फलंदाज बॅट लांबवतो, तेवढ्यात कीपर बेल्स उडवतो आणि लेग अंपायरचं बोट वर जातं. पुढचं कोकणात कुणाला सांगायला नको. फलंदाज बॅट आपटतो, कर्णधार धावत येतो, मंडपातली अर्धी माणसं मैदानात उतरतात, समालोचक माइकवरून ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ असं पुन्हा पुन्हा बजावत राहतो. आणि रात्री वाडीत एकच वाक्य: ‘आमी हरलंव नाय, आमका पंचान हरवल्यान.’

जिंकलेल्यांना हा रडीचा डाव वाटतो. मला तो तसा वाटत नाही. आपण क्रीझच्या आत होतो हे त्या फलंदाजाला बहुतेक वेळा खरोखरच जाणवलेलं असतं. चूक होते ती नंतर, हिशेब मांडताना. पण आधी त्या जाणवण्याबद्दल.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या टाय टँग आणि मायकेल मॅकबीथ यांनी २०१९ साली याच्याशी अगदी जवळचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्या डोक्यात बास्केटबॉल होता. दोघांचा हात लागून चेंडू बाहेर गेला की दोघेही ‘शेवटचा हात त्याचा’ म्हणतात, ते का? त्यांनी दोन माणसं समोरासमोर बसवली. दिवा चमकला की प्रत्येकाने समोरच्याच्या हाताला स्पर्श करायचा आणि मग आधी कोणाचा स्पर्श झाला ते सांगायचं. खऱ्या वेळा यंत्र नोंदवत होतं. माणसाला स्वतःची कृती सुमारे ५० मिलिसेकंद आधी झाल्यासारखी वाटते, असं त्यातून निघालं. समोर माणसाऐवजी यंत्राची टिचकी किंवा नुसता ‘टिक्’ आवाज ठेवला तरी तेच. इथे ट्रॉफी नव्हती, रोख बक्षीस नव्हतं, गावाची इभ्रत नव्हती. खोटं बोलून काही मिळणार नव्हतं.

५० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. ओहोटीच्या घट्ट वाळूवर किंवा सड्यावर धावणारा फलंदाज सेकंदाला सात मीटर वेगाने येतोय असं धरू. तेवढ्या वेळात तो ३५ सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणजे दीड वीत. बॅट टेकवणं ही फलंदाजाची कृती, बेल्स उडवणं ही कीपरची. प्रयोगातला निष्कर्ष मैदानावर तसाच लागू पडला, तर फलंदाजाच्या लेखी आपण दीड वीत आत असू आणि कीपरच्या लेखी तो दीड वीत बाहेर. दोघेही देवळात जाऊन शपथ घ्यायला तयार होतील, आणि दोघांचीही शपथ त्यांच्यापुरती खरी असेल.

आता बाहेर बसलेले. रनआउट अचूक दिसतो तो फक्त क्रीझच्या रेषेत उभं राहून. प्रेक्षक त्या रेषेपासून दहा अंश बाजूला बसलेला असेल आणि फलंदाज स्टंपपासून दीड मीटर अंतर ठेवून धावत असेल, तर नुसत्या तिरकसपणामुळे बॅटचं टोक सुमारे २६ सेंटिमीटर पुढे किंवा मागे सरकल्यासारखं दिसतं. रेषेच्या एका बाजूच्या लोकांना तो आत दिसतो, दुसऱ्या बाजूच्यांना बाहेर. आपल्याकडे दोन गावांची माणसं बहुधा दोन वेगळ्या कोपऱ्यांत कोंडाळं करून बसतात, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. त्यात आवाजाची भर. कोकणातल्या उन्हाळी हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. साठ मीटरवर बसलेल्याला स्टंपचा ‘खट्ट’ सेकंदाच्या सहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो आणि तेवढ्यात फलंदाज मीटरभर पुढे गेलेला असतो. आवाजावर भरवसा ठेवणाऱ्या प्रेक्षकाला जगातले निम्मे रनआउट नाबादच वाटायचे.

आवाजाचं हे गणित बेसबॉलमध्ये तर थेट पंचगिरीतच शिरलेलं आहे. फटका मारून धावणारा खेळाडू पहिल्या बेसवर (धावताना गाठायच्या पहिल्या थांब्यावर) आधी पोचला की चेंडू, हे ठरवताना तिथले पंच डोळे बेसवर, म्हणजे धावणाऱ्याच्या पावलावर ठेवतात, आणि चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यात पडल्याचा आवाज कानाने टिपतात. दोन जागी एकदम बघता येत नाही म्हणून काढलेली ही युक्ती. बेसपासून पाच-सहा मीटरवर उभ्या असलेल्या पंचाला ती चांगली साथ देते. पण हौशी बेसबॉलमध्ये पुष्कळदा सगळ्या सामन्याला मिळून एकच पंच असतो आणि तो होम प्लेटमागे, म्हणजे फटका मारणाऱ्याच्या जागेमागे उभा असतो. तिथून पहिला बेस ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर दूर. त्याला पुढे सरकायला वेळ मिळाला नाही, तर हातमोज्याचा आवाज त्याच्यापर्यंत पोचायला जवळजवळ ८० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला आठ मीटर वेगाने धावणाऱ्याला त्यात ६० सेंटिमीटरहून जास्त अंतर फुकट मिळतं. पंच कोणाचा मामा नाही की मेहुणा नाही, पण क्षेत्ररक्षण करणारा संघ दर वेळी थोडा नागवला जातो. डाव बदलला की हीच गैरसोय दुसऱ्याच्या वाट्याला जाते, म्हणून ती एरवी खपून जाते.

आपल्या किनाऱ्यावर याहून बेरकी एक गोष्ट आहे. कोकणचा किनारा साधारण उत्तर-दक्षिण धावतो, तेव्हा पुळणीवरची खेळपट्टीही तशीच आखली जाते. क्रिकेटला ते योग्यच, कारण मावळतीचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जात नाही. पण ते लेग अंपायरच्या डोळ्यांत जातं. उजव्या हाताचा फलंदाज दक्षिणेकडे तोंड करून खेळत असला की लेग अंपायर जमिनीच्या बाजूला आणि सूर्य समुद्रावर, थेट समोर. पाच वाजता सुरू झालेल्या सामन्यात पहिल्या डावाला तेवढा त्रास होत नाही, दुसऱ्याला होतो. म्हणजे नंतर फलंदाजी करणाऱ्या संघाचे रनआउट चमकत्या पाण्याकडे बघत दिले जातात. नियमाने अंपायरला ऑफ साइडला जाऊन उभं राहायची मुभा आहे. ती वापरणारा अंपायर मला तरी क्वचितच दिसला.

तरीही उभं राहायच्या जागेने सगळा उलगडा होत नाही. एकाच पडद्यावर, एकाच कोनातून दाखवलं तरी माणसं वेगवेगळं बघतात. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन अमेरिकी विद्यापीठांत फुटबॉलचा (त्यांचा, हाताने खेळायचा) एक धसमुसळा सामना झाला. एकाचं नाक मोडलं, दुसऱ्याचा पाय मोडला. प्रिन्स्टनने १३–० ने जिंकला. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला लावले. १९५४ साली त्यांनी आकडे छापले. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथचे सरासरी ९.८ नियमभंग दिसले, डार्टमथच्या मुलांना स्वतःच्या संघाचे ४.३. फिल्म तीच, आकडा दुपटीहून जास्त. शिवाय यात जिंकलेल्यांना जास्त आगळीक दिसली, तेव्हा ही खोड हरणाऱ्यांची मक्तेदारी नाही.

मग कांगावा हरणाऱ्यांचाच का ऐकू येतो? इथे तो हिशेब येतो.

सोळा संघांची बाद पद्धतीची स्पर्धा घ्या. पंधरा सामने होतात. समजा पंच कट्टर निःपक्षपाती आहेत, पण माणसं आहेत, आणि प्रत्येक सामन्यात त्यांच्या हातून चार चुका होतात: एखादा वाइड, एखादा नो-बॉल, सीमारेषेवरचा झेल, एखादा रनआउट. चूक कोणाविरुद्ध जाईल हे नाणेफेकीसारखं. चार चुका दोन-दोन अशा समान वाटल्या जाण्याची शक्यता किती? सोळात सहा. तीन-एक अशी विभागणी सोळात आठ वेळा, आणि चारही चुका एकाच संघावर पडण्याची सोळात दोन वेळा. म्हणजे पंधरा सामन्यांच्या या काल्पनिक स्पर्धेत साधारण दोन सामने असे निघतील की ज्यात चारच्या चार चुका एकाच संघाविरुद्ध गेल्या. त्यातला कुठला संघ हरला, तर तो काय म्हणेल? ‘एक चूक समजू शकतो, चारही आमच्याच विरुद्ध?’ आणि त्याचं म्हणणं शब्दशः खरं असेल. कारस्थान मात्र कुठेच नसेल. दर स्पर्धेत असे एक-दोन सामने न निघाले तर उलट नवल.

सामना छोटा, त्यामुळे चुकीचं वजनही मोठं. सहा षटकांच्या डावात ३६ चेंडू, पन्नास षटकांच्या डावात ३००. एक चुकीचा बाद दोन्हीकडे सारखा बोचत नाही. पण वाइडचं पाहा. पहिल्या षटकात चुकून दिलेला वाइड आणि शेवटच्या षटकात चुकून दिलेला वाइड, दोन्ही धावफलकावर एकेकच धाव घालतात. संघ एका धावेने हरला तर दोन्ही सारखेच जबाबदार. पहिल्या षटकातला मात्र कोणालाच आठवत नाही. सुटलेले दोन झेलही आठवत नाहीत.

पराभवाचं कारण बाहेर शोधण्याची ही सवय वर्तमानपत्रांतही सापडली आहे. रिचर्ड लाऊ आणि डॅन रसेल यांनी १९८० साली बेसबॉल आणि अमेरिकी फुटबॉलच्या बातम्यांतली खेळाडूंची व प्रशिक्षकांची विधानं तपासली. जिंकलेले कारण स्वतःत शोधतात, हरलेले तेवढं शोधत नाहीत. शाय डेव्हिडाई आणि थॉमस गिलोविच यांनी २०१६ मध्ये आणखी एक पदर उलगडला: अंगावर येणारा वारा माणसाला सतत जाणवतो, पाठीवरचा वारा लगेच विसरतो. खाडीतून होडी हाकणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. आपल्या बाजूने गेलेली पंचाची चूक हा पाठीवरचा वारा.

डेट्रॉइटमधला २ जून २०१० चा बेसबॉल सामना याचं एक विलक्षण उदाहरण आहे. अर्मांडो गॅलारागाने प्रतिस्पर्ध्यांचे सलग सव्वीस खेळाडू बाद केले होते. सत्ताविसावा झाला की ‘परफेक्ट गेम’, तिथला अत्यंत दुर्मीळ विक्रम. पहिल्या बेसवरचे पंच जिम जॉइस यांनी धावणाऱ्याला नाबाद दिलं. चित्रफितीत तो स्वच्छ बाद होता. जॉइस यांनी त्याच रात्री चूक कबूल केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी असताना खुद्द गॅलारागाने त्यांच्या हाती संघाची यादी दिली. गॅलारागाच्या मनाचा मोठेपणा वादातीत. पण डेट्रॉइटने तो सामना ३–० ने जिंकला होता, हेही तिथे लिहिलेलं आहे. हरले असते तर तो हात तितक्याच सहज पुढे आला असता का, याबद्दल मी पैज लावणार नाही.

आता ‘पंच आयोजकांचा’ या आरोपाकडे. हा मात्र हसण्यावारी नेऊ नये. १९८६ ते २०१२ या काळातल्या १००० कसोटी सामन्यांतले पायचीतचे निर्णय अर्थशास्त्रज्ञांनी तपासले. दोन्ही पंच यजमान देशाचे असताना पाहुण्यांचे फलंदाज जास्त वेळा पायचीत दिले गेले, दोन्ही तटस्थ असताना हा फरक उरला नाही. इम्रान खानने १९८६ च्या लाहोर कसोटीला पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे भारतीय पंच बोलावले, ते अशाच कुजबुजीला कंटाळून. आणि यजमानधार्जिणेपणाला लाच लागतेच असं नाही, गलका पुरतो. इंग्लंडमध्ये ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी ४० फुटबॉल पंचांना एका सामन्यातल्या ४७ झटापटी पडद्यावर दाखवल्या, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना मुक्या. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. आपल्याकडे तर आयोजक मंडळाचा संघ खेळत असताना त्याच मंडळाचा समालोचक चार भोंग्यांवरून ‘बाद! बाद!’ ओरडत असतो आणि बोट त्यानंतर वर जातं. तिसऱ्या गावचा पंच आणि अपिलाच्या वेळी बंद माइक, हे दोन उपाय फुकटात होण्यासारखे आहेत.

यूट्यूबवरच्या थेट प्रक्षेपणाकडे बोट दाखवून वाद मिटवायची पद्धत आता रुळली आहे, पण तीही तपासून घ्यावी. साधा मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो. दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंद जातात आणि फलंदाज २३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर सरकतो. एका चित्रात बेल्स जागेवर आणि बॅट बाहेर, पुढच्यात बेल्स हवेत आणि बॅट आत. मधलं चित्रच नाही. त्यात कॅमेरा समालोचकाच्या मंडपात, क्रीझच्या रेषेपासून कुठल्या कुठे. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारी स्लो मोशन असते. तसे दोन फोन दोन्ही क्रीझच्या रेषेत बांबूला घट्ट बांधले, तर अनिश्चितता तीन सेंटिमीटरवर येते. बांबू मात्र सामन्याआधी दोन्ही कर्णधारांसमोर, दोरी ताणून रोवावा.