मालापेक्षा बारदान जड

परभणीच्या आमच्या जुन्या माळवदाच्या घरात फायबर आलं, 100 एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला 1 लाख किलोबिटांचं. तरी पुण्याच्या नातीशी बोलताना आईचा आवाज तुटायचाच. "हॅलो, हॅलो" करत ती माजघरातून उठून ओसरीत यायची, तेव्हा कुठं नीट ऐकू जायचं. "मोठा प्लॅन घे," सगळे म्हणाले. मी आधी हिशेब मांडला.

मोजायला सोपी म्हणून टेलिफोनची जुनी जी.711 पद्धत घेऊ. तिच्यात आवाजाला सेकंदाला 64 किलोबिट लागतात. नेटवर आवाज सलग जात नाही. त्याचे 20 मिलिसेकंदांचे तुकडे पडतात, एकेक तुकडा 160 बाइटांचा (बाइट म्हणजे 8 बिट), सेकंदाला 50 पॅकेटं. प्रत्येकावर पत्ता, क्रमांक, वेळ यांचं 40 बाइटांचं वेष्टन. मोंढ्यात सोयाबीनचं पोतं काट्यावर चढलं की बारदानाचं वजन वजा करतात. इथं बारदानाचंही भाडं भरावं लागतं. 64 चे झाले 80. आवाज दाबून 8 किलोबिटांवर आणणारी जी.729 घेतली तर आणखी गंमत: माल 20 बाइट, बारदान 40, एकूण 24 किलोबिट! एका पॅकेटात दोन तुकडे कोंबले तर 16 वर भागतं, पण बोलणं 20 मिलिसेकंद उशिरा निघतं आणि एक पॅकेट गेलं की दुप्पट शब्द जातात.

काही केलं तरी 100 एमबीपीएसपुढे हे दर्या में खसखस. मग तुटतं कुठं?

सरासरीवर जाऊ नये. दिवसभराच्या आवकेला मोंढ्यातले काटे पुरतात, पण दिवाळीच्या तोंडावर सगळे टेम्पो सकाळीच येतात. राउटरचंही तेच. रांगेसाठी त्याच्याकडे थोडी मेमरी असते. ती भरली की पुढचं पॅकेट तो मुकाट टाकून देतो. रांगेच्या साध्या गणितात लाइन 90 टक्के भरली की 50 टक्क्यांच्या पाचपट वेळ लागतो. म्हणून अंदाज बांधायचा तो गर्दीच्या तासाचा, आणि वर थोडी जागा मोकळी सोडायची.

फाइल उतरवताना टीसीपी, म्हणजे पॅकेटं नीट पोचवायची नेटवरची नियमावली, हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवतो, पण हरवलं म्हणजे गर्दी झाली असं धरून वेगही कमी करतो. 1986 मध्ये अमेरिकेत बर्कलीला, जेमतेम 400 यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग 32 किलोबिटांवरून 40 बिटांवर कोसळला. किलोबिट नव्हे, बिट! त्यानंतर तिथले संगणक संशोधक व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला ही शिस्त लावली. ती महागातही पडते. पॅकेट जाऊन पोच यायला 50 मिलिसेकंद आणि गळती 1 टक्का धरा. जुन्या धाटणीच्या टीसीपीत एका जोडणीला जेमतेम 2.8 एमबीपीएस मिळतात, लाइन कितीही रुंद असो. गळती शंभरपट घटवली तर वेग दहापट वाढतो.

कॉलमध्ये पुन्हा मागवायला सवडच नसते. गेलं ते गेलं.

शेवटी लॅपटॉप घेऊन माजघरात बसलो आणि बाहेरच्या जगाला नव्हे, घरातल्याच राउटरला 100 पिंग, म्हणजे 'आहेस का?' विचारणारी छोटी पॅकेटं, पाठवले. 7 परत आले नाहीत. ओसरीत बसून पाठवले, सगळे आले. मध्ये हातभर जाडीची मातीची भिंत, आणि वायफायला तीच भारी पडत होती. राउटर ओसरीतून उचलून माजघराच्या दारावरच्या फळीवर ठेवला.

प्लॅन आता 40 चा आहे.