वीतभर हिमाचं भौतिकशास्त्र

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात लाँग्ज पीक नावाचं 4,346 मीटर उंचीचं शिखर आहे. ऑगस्टमध्ये तिथल्या ‘कीहोल’ वाटेवर भरपूर गर्दी असते. मध्यरात्रीनंतर निघायचं, दगडधोंड्यांचा मोठा पट्टा ओलांडून कीहोलच्या खिंडीतून डोंगराच्या पश्चिम अंगाला उतरायचं. पुढे कड्याच्या पोटातून आडवी वाट, मग लांबलचक उभी घळ, मग एक अरुंद पट्टी आणि शेवटी ‘होमस्ट्रेच’ या गुळगुळीत कातळावरून हातापायांचा आधार घेत माथा. जाऊन-येऊन सुमारे 24 किलोमीटर, पण एरवी दोर लागत नाही. सप्टेंबरात पहिलं हिम पडलं की राष्ट्रीय उद्यानाच्या लेखी हीच वाट तांत्रिक, म्हणजे खास साधनं आणि कौशल्य लागणाऱ्या चढाईची होते.

हिम किती? बऱ्याचदा वीतभरच. आणि खरी अडचण तिथेच आहे. दोन मीटर घट्ट हिम असतं तर चढणं उलट सोपं गेलं असतं.

आधी घर्षणाचं गणित पाहू. कोरड्या ग्रॅनाइटवर चांगल्या रबरी तळव्याचा घर्षणांक 0.8च्या आसपास धरला, तर जवळजवळ 39 अंशांच्या उतारापर्यंत बूट टिकून राहतो. ओलसर बर्फावर हाच आकडा 0.1 किंवा त्याहूनही कमी होतो आणि टिकण्याची मर्यादा सहा अंशांवर येते. सहा अंश म्हणजे आपण ज्याला उतार म्हणणारही नाही इतका उतार! 35 अंशांच्या बर्फाळ कातळावर पाय सुटला तर दोन सेकंदांत माणूस दहा मीटर खाली गेलेला असतो आणि त्याचा वेग ताशी 35 किलोमीटरच्या घरात असतो. सावरायला वेळ उरत नाही.

बर्फ इतका निसरडा का, याचं जुनं उत्तर ‘वजनाच्या दाबानं तो वितळतो’ असं होतं. ते अजूनही सर्रास सांगितलं जातं. पण बर्फाचा वितळणबिंदू एक अंशानं खाली आणायला सुमारे 135 वातावरणांचा, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या 135 पट दाब लागतो. बुटाखालचा दाब एका वातावरणाच्या आसपास असतो, म्हणजे ते उत्तर इथे बाद. बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूखालीही द्रवासारखा अतिपातळ थर असतो, ही कल्पना मायकेल फॅरडेनं 1850 मध्ये मांडली. पुढे 1939 मध्ये बोडन आणि ह्यूज या संशोधकांनी घर्षणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेकडे बोट दाखवलं. त्यांचे काही प्रयोग स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखच्या बर्फात कोरलेल्या गुहेत झाले होते. विषयाला साजेशीच प्रयोगशाळा म्हणायची. तापमान शून्याच्या जितकं जवळ, तितकी पृष्ठभागावर ओल अधिक. हंगामाच्या सुरुवातीला दिवसाचं तापमान नेमकं तिथेच घुटमळत असतं.

हा बर्फ येतो कुठून? ताजं हिम 80 ते 90 टक्के सूर्यप्रकाश परत फेकतं. पण थर पातळ असला की उरलेला प्रकाश खालच्या खडकापर्यंत पोचतो. खडक तापतो, हिम तळाकडून वितळतं, पाणी कातळावर पसरतं आणि रात्री गोठतं. या पारदर्शक पापुद्र्याला गिर्यारोहक ‘व्हेर्ग्ला’ म्हणतात. वरून भुरभुर हिम पडलं की तो दिसतही नाही. इथे क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटांखाली बांधायच्या धातूच्या दातेरी सांगाड्याचे, दोन-तीन सेंटिमीटरचे दात रुतायला जागाच नसते. ते पापुद्रा फोडून ग्रॅनाइटवर खरवडतात. आइस ॲक्सचंही, म्हणजे गिर्यारोहकाच्या बर्फकुऱ्हाडीचंही तेच. घसरताना तिचं पातं रोवून थांबायचं तर खाली भरीव हिम हवं. थोडक्यात, बुटांसाठी जास्त आणि क्रॅम्पॉनसाठी कमी, असं हे हिम असतं.

सावलीत, घळीत, वेगळंच घडतं. जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असल्यामुळे हिमाच्या तळाचं तापमान शून्याजवळ राहतं. निरभ्र रात्री पृष्ठभाग उणे 15 अंशांपर्यंत उतरला, तर 20 सेंटिमीटरच्या थरात दर मीटरला 75 अंश असा तापमानाचा उतार तयार होतो. थर दोन मीटर जाड असता तर तोच उतार साडेसात अंश राहिला असता. सुमारे दहा अंश ही सीमा ओलांडली की तळातली वाफ झपाट्यानं वर सरकते आणि कणांवर पुन्हा स्फटिकरूपात बसते. कण मोठे, पैलूदार होतात, पण एकमेकांना धरत नाहीत. मुठीत घेतले तर दाणेदार साखरेसारखे बोटांतून गळतात. अशा थरात पायरी खोदता येत नाही. शिवाय डिसेंबर-जानेवारीत यावर जड हिम साचलं की हाच कमकुवत तळ सरकतो आणि हिमस्खलन होतं. कोलोरॅडोचं कोरडं, थंड हवामान या प्रकारासाठी कुप्रसिद्धच आहे.

दगडधोंड्यांच्या पट्ट्यात गोष्ट सोपी, पण पाय मोडणारी: हिम दोन धोंड्यांमधली फट बुजवत नाही, फक्त झाकतं.

1873 च्या शरदात इसाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासी वाटाड्या जिम न्यूजेंटबरोबर हे शिखर चढली, तेव्हा वाटेत हिम आणि बर्फ दोन्ही होतं. तिचे उसने बूट मापापेक्षा बरेच मोठे होते. सुदैवानं वाटेत कुणाचे तरी लहान ओव्हरशूज (बुटांवरून घालायचे जोडे) सापडले. एका ठिकाणी दोरानं बांधून घेऊनही उपयोग झाला नाही. तिचे पाय उघड्या खडकावर घसरू लागले, तेव्हा जिमच्या सांगण्यावरून दोघांनी मागे फिरून बरंच खाली उतरून दुसरी वाट धरली. मला यात जिमचा मागे फिरण्याचा निर्णय सगळ्यात मोलाचा वाटतो.

आजही तोच निर्णय कीहोलच्या खिंडीत घ्यावा लागतो. पलीकडची आडवी वाट आणि घळ पश्चिमेच्या बाजूला असल्यामुळे तिथे ऊन उशिरा पोचतं. हिम तसंच साखरी राहतं. होमस्ट्रेच मात्र दक्षिणमुखी आहे: दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं. म्हणजे खाली क्रॅम्पॉन चालले तरी वर चालतीलच असं नाही, आणि वरचा कातळ खिंडीतून दिसतही नाही. दिसते ती फक्त आडवी वाट. ती पांढरी असेल, तर अनेक जाणकार तिथूनच परत फिरतात.