गोल किती झाले, ते नका विचारू
(५ ते ९ वयोगटातल्या खेळाडूंच्या पालकांसाठी)

नेरुळच्या आमच्या फुटबॉल वर्गात नवीन मूल आलं की आठवड्याभरात पालक विचारतात, "सर, हा कुणाला पासच देत नाही. काय करायचं?"

सध्या काही नाही. या वयात बॉल दिसला की गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी सगळी मुलं त्याला चिकटतात. सहा वर्षांच्या मुलाची नजर पायातल्या बॉलवरून हलत नाही. शेजारचा मित्र दिसतच नाही, तर पास देणार कुणाला? बॉल न बघता सांभाळता येऊ लागला की मान हळूहळू वर येते. म्हणून ११ विरुद्ध ११ आम्ही खेळवतच नाही. लहानांना ३ विरुद्ध ३, जरा मोठ्यांना ५ विरुद्ध ५. मैदान छोटं, त्यामुळे बॉल सगळ्यांच्या वाट्याला येतो.

सुरुवात लंगडीने होते. पालकांना नवल वाटतं, पण किक मारताना शरीराचा सगळा भार दुसऱ्या पायावर असतो. तो डळमळला की बॉल भलतीकडे जातो. मग थोडा खो-खो. धावणाऱ्याने आपली दमछाक आणि बसलेल्या गड्याची जागा ओळखून वेळेत खो द्यायचा. पास म्हणजे तरी दुसरं काय?

गेल्या पावसाळ्यात सात वर्षांची एक मुलगी बॉल घेऊन थेट गोलसमोर पोचली. थांबली, बॉल तळव्याखाली दाबून धरला, मान वर केली आणि डावीकडे एकट्या उभ्या मुलाला "घे रे!" म्हणत सरकवला. त्याचा फटका बाहेर गेला. लगेच कडेवरून आवाज आला, "अगं, तूच मारायचास ना!" त्या दिवशी तिने पुन्हा एकही पास दिला नाही. आम्हाला फार वाईट वाटलं. म्हणून हात जोडून सांगतो, कडेवरून सूचना देऊ नका. टाळ्या वाजवा, दोन्ही बाजूंसाठी. घरी जाताना विचारा, "आज कुणाला पास दिलास?"

मुलं-मुली एकत्रच खेळतात. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत इथेच, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. मुलींना आम्ही हे आवर्जून सांगतो.

हेडर, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, आम्ही शिकवत नाही. कोवळ्या डोक्याला वारंवार धक्के नकोत. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघानेही २०१५ मध्ये १० वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हेडर बंद केला.

आठ वर्षांपर्यंत ३ नंबरचा बॉल, पुढे ४ नंबरचा. नडगी वाचवणारे शिन गार्ड हवेतच. बूट तळाला बारीक रबरी स्टड (उंचवटे) असलेले आणि आजच्या मापाचे घ्या. पुढच्या वर्षीही होतील म्हणून मोठे घेतलेले बूट पायात फिरतात आणि मूल अडखळतं. एप्रिल-मेमध्ये टर्फ, म्हणजे मैदानावरचं कृत्रिम गवत, फार तापतो, म्हणून वर्ग सकाळी साडेसहाला. पावसात खेळतो, पण वीज कडाडली की लगेच थांबतो.

पहिल्या वर्गाचे पैसे नाहीत. मूल आत यायला तयार नसेल तर ओढून आणू नका, कडेला बसू द्या. बॉल बाहेर आला की तो परत मारायला बहुतेक मुलं आपणहून उठतात.