इंजिनाची झीज : आरपीएम आणि टर्बोचा आकार

चालत्या इंजिनात घासणाऱ्या आणि दाबल्या जाणाऱ्या भागांवरून कणाकणाने धातू निघून जातो, त्याला इंजिनाची झीज म्हणतात. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत, क्रँकशाफ्ट आणि त्याची बेअरिंगे, कॅम, टायमिंग चेन आणि टर्बो (बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) असल्यास त्याचा शाफ्ट, ही झिजण्याची मुख्य ठिकाणे. झीज किती आणि कुठे होईल हे चार गोष्टींवर ठरते : इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे म्हणजे आरपीएम, सिलिंडरमधला दाब, तापमान आणि तेलाची अवस्था. टर्बोचा आकार यातल्या पहिल्या तिन्हींवर परिणाम करतो. तो नेमका कसा, याबद्दल गाडीवाल्यांमध्ये बरेच गैरसमज आहेत.

सर्वांत जुना समज असा की आरपीएमचा काटा वर गेला की इंजिन झिजते. पुण्यात कुणीही वडिलांच्या शेजारी बसून गाडी शिकलेला असेल, तर “रेस करू नकोस, वरचा गिअर टाक” हे वाक्य त्याने ऐकलेलेच असते. कार्ब्युरेटरच्या, टर्बो नसलेल्या गाड्यांच्या काळात या सल्ल्याने पेट्रोल वाचत असे, आणि त्या इंजिनांत मुळात जोर इतका कमी होता की वरच्या गिअरात कुंथले तरी फारसे बिघडत नसे. आजच्या लहान टर्बो इंजिनाला हाच सल्ला अनेकदा घातक ठरतो.

तेलाचा थर

बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट एकमेकांना टेकत नाहीत, निदान टेकू नयेत. त्यांच्यामध्ये तेलाचा थर असतो. भार जास्त असताना तो एखाद-दुसऱ्या मायक्रॉनपर्यंत पातळ होतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हा थर केवळ पंपाच्या दाबावर उभा राहत नाही, शाफ्ट फिरताना स्वतःच तेल ओढून आपल्याखाली घेतो. पावसाळ्यात पाणी साठलेल्या रस्त्यावर गाडी वेगात गेली की टायर पाण्यावर तरंगतो आणि हळू गेली की रस्त्याला टेकतो, तसेच हे आहे. रस्त्यावर तरंगणे वाईट, बेअरिंगमध्ये तेच हवे असते. म्हणून वेग वाढला की थर जाड होतो आणि भार वाढला की पातळ. कमी वेग आणि जास्त भार हे दोन्ही एकत्र आले की धातूला धातू लागण्याची शक्यता सर्वांत जास्त.

रिंगांची गोष्ट थोडी वेगळी आहे. पिस्टन वरच्या टोकाला पोचला की क्षणभर थांबून उलटा फिरतो आणि त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो. तेलाचा थर तिथेच तुटतो, आणि नेमका त्याच सुमारास ज्वलनाचा दाब शिखरावर येतो. जुन्या इंजिनाचे हेड उघडल्यावर सिलिंडरच्या वरच्या कडेपासून खाली नख फिरवले, तर वरची रिंग जिथे वळते तिथे एक कड लागते. तिच्या वरचा भाग मूळ मापाचा आणि खालचा झिजलेला. मेकॅनिक गेज काढण्याआधी नखच फिरवतो.

फेरे वाढल्यावर काय होते

पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबवून उलटे पळवावे लागते. त्यासाठी लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फेरे दुप्पट झाले की बल चौपट. ८२ मिलिमीटर स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल तेवढी असलेल्या डिझेल इंजिनात ४००० आरपीएमला पिस्टनचे त्वरण वरच्या टोकाशी गुरुत्वाच्या सुमारे ९४० पट होते, २००० ला ते २३५ पटच असते. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून अर्धा किलो धरले, तर ४००० ला कनेक्टिंग रॉडवर सुमारे ४७० किलोचा ओढा येतो. पेट्रोल इंजिन ६५०० पर्यंत जाते. तिथे ८० मिलिमीटर स्ट्रोकला त्वरण २४०० पटींवर पोचते, म्हणून पेट्रोलचे पिस्टन हलके ठेवतात.

आकडे भीतीदायक वाटतात, पण शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. ६९.६ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर १५० बारचा दाब आला, आणि डिझेलमध्ये तो सहज येतो, तर वरून पडणारे बल पावणेसहा टनांच्या घरात जाते. त्यापुढे ४७० किलो म्हणजे किरकोळ. शिवाय ज्वलनाच्या वेळी पिस्टनचे जडत्व वरच्या दिशेने ओढत असते, म्हणजे फेरे जितके जास्त तितका हा धक्का थोडा हलका होतो. जडत्वाचा खरा ताण एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी येतो, कारण तिथे वरून दाबणारा वायू नसतो आणि रॉडचे बोल्ट निव्वळ ताणले जातात.

हा फरक उघडलेल्या इंजिनात डोळ्यांना दिसतो. रॉडच्या बेअरिंगचे दोन अर्धे शेल असतात. नवा शेल मंद राखाडी दिसतो. वरचा मऊ मुलामा झिजला की अनेक प्रकारच्या शेलमध्ये खालचा तांबूस धातू उघडा पडतो. रॉडच्या बाजूचा शेल तांबूस झाला असेल तर इंजिनाने दाब सोसला आहे, म्हणजे कमी फेऱ्यांत ओझे ओढले आहे. कॅपच्या, म्हणजे रॉडच्या खालच्या झाकणाच्या बाजूचा शेल गेला असेल तर ते वरच्या फेऱ्यांत पळवले आहे. गाडीमालक काहीही सांगो, शेल खोटे बोलत नाही.

वरच्या फेऱ्यांचे धोके अर्थात आहेतच. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा ठरावीक वेगापुढे कॅमच्या मागे धावू शकत नाहीत, तेल तापून पातळ होते आणि घर्षणाची उष्णता वाढते. मात्र लाल रेषा, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा आखताना कंपनीने हे सगळे धरलेले असते, आणि रेव्ह लिमिटर त्यापुढे इंधनच तोडतो. लिमिटर हतबल होतो तो चुकीच्या गिअरपुढे. एक्स्प्रेसवेवर पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला, तर इंजिनाला चाके फिरवतात आणि इंधन तोडून काही उपयोग नसतो. तेलाचा काटा अजून थंड असताना दिलेली रेसही तितकीच वाईट.

कुंथणारे इंजिन

कात्रजचा जुना घाट, गाडीत पाच माणसे, एसी चालू, पाचवा गिअर, काटा १३०० वर आणि पाय पूर्ण दाबलेला. गाडी थरथरते, पण ओढते, कारण टर्बो आहे. टर्बो नसलेले इंजिन इथे दम टाकून गिअर खाली घ्यायला भाग पाडायचे. टर्बोचे इंजिन भाग पाडत नाही, आणि नुकसान नेमके तिथेच होते.

चाकणच्या प्रकल्पातून निघणाऱ्या फोक्सवॅगन टायगुन आणि व्हर्टसमधले १ लिटरचे तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल इंजिन १७८ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, तोही १७५० आरपीएमपासून. गणिताने पाहिले तर सिलिंडरमधला सरासरी परिणामी दाब २२ बारच्या वर जातो. साध्या पेट्रोल इंजिनात तो ११ ते १२ बारच्या आसपास असतो. इतका दाब इतक्या कमी फेऱ्यांत तयार करणे हीच लहान टर्बो इंजिनांची करामत, आणि त्यांची दुखरी नसही.

थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांना यातून एक खास आजार जडतो. कमी फेरे आणि जास्त भार असताना तेलाचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीच्या आधीच पेट घेतो. पिस्टन अजून वर येत असतानाच स्फोट होतो, आणि अशा एकाच ठोक्यात रिंगेची खाच तुटू शकते. तेलातल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटने हा आजार बळावतो असे आढळल्यावर तेलाचे मापदंड बदलले. २०१८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा (एपीआय) एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हा दर्जा आला. डब्यावर ही अक्षरे पाहून तेल घेणे हे ‘महागातले सिंथेटिक द्या’ म्हणण्यापेक्षा शहाणपणाचे आहे.

टर्बो लहान की मोठा

एक्झॉस्टच्या वायूवर टर्बाइन फिरवून त्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरने हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये मिळवले. मोटारीतल्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाख-दोन लाख फेरे घेतो. ४० मिलिमीटर व्यासाचे कॉम्प्रेसर चाक २ लाख फेऱ्यांना फिरले, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४२० मीटर, म्हणजे आवाजापेक्षा जास्त. हे सगळे तेलावर तरंगणाऱ्या बेअरिंगवर चालते.

एकाच घडणीच्या चाकाचे फिरण्याचे जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. व्यास १० टक्क्यांनी वाढवला तर जडत्व ६० टक्क्यांनी वाढते. म्हणून लहान टर्बो १५०० फेऱ्यांतच जागा होतो, आणि मोठा ‘लॅग’ देऊन, म्हणजे थोडा उशीर करून मग एकदम ढकलतो.

झिजेच्या बाजूने पाहता लहान टर्बोचे दोन तोटे. पहिला वर आलाच, तो चालकाला कमी फेऱ्यांत ओझे ओढायची सवय लावतो. दुसरा वरच्या फेऱ्यांत दिसतो. टर्बाइनचे तोंड अरुंद असल्याने एक्झॉस्ट तुंबतो, गरम वायू सिलिंडरमध्ये मागे उरतो, कॉम्प्रेसर आपल्या चांगल्या पट्ट्याबाहेर जाऊन हवा नुसतीच तापवतो. वेस्टगेट जास्तीचा वायू बाजूने सोडतो, तरी उष्णता राहतेच. पेट्रोलमध्ये एक्झॉस्टचे तापमान ९५० अंशांपुढे जाऊ शकते, डिझेलमध्ये ते त्याहून बरेच कमी असते.

मोठ्या टर्बोने वर श्वास मोकळा होतो आणि मागचा दाब कमी होतो. पण त्याचा फायदा घ्यायचा तर फेरे चढवावेच लागतात, शिवाय त्याने जास्त हवा दिली की सिलिंडरमधला दाबही वाढतो. त्यामुळे ‘मोठा टर्बो आरामात चालतो, म्हणून इंजिन टिकते’ हे अर्धवट विधान आहे. तेवढीच ताकद मागितली तर टिकते, आणि मोठा टर्बो बसवून कुणी तेवढीच ताकद मागत नाही.

पुण्याजवळ रांजणगावला पूर्वी तयार होणारे फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल हे याचे उत्तम उदाहरण. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६९.६ आणि स्ट्रोक ८२ मिलिमीटर. तेच इंजिन साध्या टर्बोसह ७५ अश्वशक्तीचे आणि बदलत्या पात्यांच्या टर्बोसह ९० अश्वशक्तीचे मिळे. बदलती पाती म्हणजे एकाच टर्बोत लहान आणि मोठा दोन्ही : कमी फेऱ्यांत पाती मिटून वाट अरुंद करतात, वर उघडतात. किंमत मोजावी लागते ती काजळीने. गाडी कायम शहरात रांगत राहिली की पाती अडकतात, आणि अडकलेला टर्बो एकतर ओढत नाही किंवा नको तिथे जास्त हवा देतो. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस ६ मापदंड आले आणि हे इंजिन बंद झाले, तरी रस्त्यावर त्याच्या गाड्या भरपूर दिसतात.

घाट, चिक्की आणि सोसायटीचे पार्किंग

मुंबईहून येताना एक्स्प्रेसवेचा घाट जोरात चढून लोणावळ्यात चिक्कीसाठी थांबले आणि किल्ली लगेच फिरवली, तर टर्बाइन तापलेलेच असते आणि तेलाचा प्रवाह मात्र थांबतो. बेअरिंगमध्ये अडकलेले तेल जळून तिथे कार्बनचा थर बसतो. अशा वेळी मिनिटभर इंजिन नुसते चालू ठेवावे. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही विजेचा पंप पाणी फिरवत राहतो, त्यांत हा धोका कमी. मात्र सिंहगड रस्त्यावरून अर्धा तास रांगत घरी आलेल्या गाडीचा टर्बो वाटेतच निवलेला असतो. ती पार्किंगमध्ये पुन्हा दोन मिनिटे धडधडत ठेवण्याने इंजिनाचे काही भले होत नाही, वरच्या मजल्यावरच्यांची झोप तेवढी मोडते.

शहरातल्या छोट्या फेऱ्यांत वेगळीच झीज होते. पाण्याचा काटा मधोमध आला तरी तेल त्यानंतर बराच वेळ थंडच असते. मुलांना शाळेत सोडायच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये ते तापतच नाही, आणि त्यात मिसळलेले इंधन व पाणी उडून जात नाही. बीएस ६ डिझेलमध्ये फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल फवारले जाते. गाडी मध्येच बंद केली तर त्यातले काही तेलात उतरते. डिपस्टिकवर तेल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले, तर खूश होऊ नये.

चाचणी आणि गॅरेज

वाहन उद्योगाची संशोधन संस्था एआरएआय १९६६ मध्ये स्थापन झाली. वेताळ टेकडीवर तिचे आवार आहे, आणि सकाळी फिरायला जाणारे निम्मे लोक टेकडीला याच नावाने ओळखतात. तिथल्यासारख्या चाचणीकक्षांत इंजिन डायनॅमोमीटरला, म्हणजे भार देऊन ताकद मोजणाऱ्या यंत्राला जोडून पूर्ण भारावर तासन्‌तास पळवतात, सुटे करून मापे घेतात. त्या खोलीत इंजिन तापलेले असते, तेल योग्य असते आणि फेरे भाराला साजेसे असतात. लाल रेषेजवळ पळूनही ते का टिकते, याचे उत्तर यातच आहे.

सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचा, म्हणजे ‘रीमॅप’चा शौक शहरात चांगलाच रुजला आहे. त्यात टर्बो तोच राहतो आणि त्याच्याकडून जास्त दाब मागितला जातो, म्हणजे लहान टर्बो आणखी वेगाने फिरतो. टॉर्क १८०० ला वाढवण्यापेक्षा ३००० नंतर वाढवणारा ट्यूनर इंजिनावर आणि क्लचवर दया करतो. असे ट्यूनर थोडे, कारण गिऱ्हाईकाला सिग्नल सुटल्याबरोबर धक्का हवा असतो.

जुनी टर्बो गाडी घेताना नाना पेठेतले अनुभवी मेकॅनिक आधी एअर फिल्टरकडचा होस काढतात. इंजिन बंद आणि थंड असताना कॉम्प्रेसरचे चाक दोन बोटांत धरून हलवायचे. आडवे किंचित हलले तर घाबरायचे कारण नाही. बेअरिंग तरंगते असल्याने तेलाविना तेवढी मोकळीक असतेच. पात्यांचे टोक घराला घासता कामा नये. मग चाक पुढे-मागे ओढून पाहायचे. त्या दिशेने हाताला खेळ जाणवला, की गिऱ्हाईकाला तिथेच सांगतात, टर्बोचे पैसे किमतीतून वजा करून बोला.