तांब्याचा चोक आणि इलेक्ट्रॉनिक चोक: फिशटँकच्या दिव्याचा आवाज ओळखताना

इंदूरच्या महाराणी रोडवर विजेच्या सामानाच्या दुकानात नुसता ‘ट्यूबलाइटचा चोक’ मागितला, तर दुकानदार आधी विचारतो, ‘तांब्याचा की इलेक्ट्रॉनिक?’ घरातील जुन्या फिशटँकच्या झाकणाखाली यांपैकी कोणता बसवलेला आहे, हे पुष्कळांना सांगता येत नाही, कारण नाव एक, काम एक आणि तक्रारही वरवर एकच, ती म्हणजे आवाज. प्रत्यक्षात दोघांचा आवाज वेगळ्या कारणांनी होतो आणि त्यावरचे उपायही वेगळे आहेत. त्यामुळे पैसे खर्च करण्यापूर्वी ही ओळख पटवून घेणे फार गरजेचे आहे.

ओळख सोपी आहे. पट्टीवर लहान डबीसारखा स्टार्टर असेल, दिवा लागताना दोन-चार वेळा लुकलुकत असेल आणि चोक हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागत असेल, तर तो तांब्याचा चोक होय. इलेक्ट्रॉनिक चोक हलका असतो, त्याला स्टार्टर लागत नाही आणि एका ट्यूबसाठी त्यातून चार तारा बाहेर पडतात. टी-५ जातीच्या १६ मिलिमीटर जाडीच्या बारीक नळ्या टँकवर असतील, तर चोक बहुधा इलेक्ट्रॉनिकच असतो. २६ मिलिमीटर जाडीच्या टी-८ नळ्यांवर मात्र दोन्ही प्रकार आढळतात.

तांब्याच्या चोकमध्ये लोखंडाच्या पातळ पत्र्यांच्या गठ्ठ्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. ट्यूब एकदा पेटली की तिच्यातून वाहणारा प्रवाह स्वतःहून आटोक्यात राहत नाही, आणि त्याला आवर घालणे हे या वेटोळ्याचे काम असते. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात पत्रे दोनदा चुंबकीय ओढीखाली येतात, त्यामुळे ते सेकंदाला १०० वेळा कंप पावतात. ऐकू येणारी जाड, संथ गुणगुण ती हीच. म्हणजे थोडा आवाज या चोकच्या रचनेतच आहे. तो वाढतो तेव्हा पत्र्यांना धरून ठेवणारे वार्निश उष्णतेने सुटलेले असते, टँकच्या वाफेने पत्रे गंजलेले असतात किंवा चोक आवळणारे स्क्रू सैल झालेले असतात. रात्री उशिरा शेजारपाजारचा वीजवापर कमी झाला की विजेचा दाब (व्होल्टेज) थोडा वाढतो, आणि त्याबरोबर ही गुणगुणही वाढू शकते.

येथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. दोष चोकचा नसून ट्यूबचा किंवा स्टार्टरचा असू शकतो. स्टार्टर आतल्या आत चिकटला, तर ट्यूबची फक्त टोके लाल होऊन राहतात आणि चोकमधून नेहमीपेक्षा जास्त प्रवाह सतत वाहतो. ट्यूब म्हातारी होऊन तिचे एक टोक निकामी झाले, तर प्रवाह एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी जाऊ लागतो, लोखंड चुंबकत्वाने भरून जाते, आणि चोक तापून मोठ्याने घोंघावू लागतो. म्हणून टोके काळी पडलेली ट्यूब आणि जुना स्टार्टर हे दोन्ही बदलून पाहिल्याशिवाय चोकला दोष देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

तरीही आवाज राहिला, तर चोक कशावर बसवला आहे ते पाहावे. तंबोऱ्याचा भोपळा जसा तारेचा नाद मोठा करतो, तसे पातळ लाकडाचे किंवा पत्र्याचे झाकण चोकची लहानशी थरथर साऱ्या खोलीत पोहोचवते. स्क्रूंखाली रबराचे वायसर घालून चोक नीट आवळला, तर फरक लगेच जाणवतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे चोक झाकणातून काढून भिंतीवरील हवेशीर पेटीत बसवणे. तांब्याच्या चोकची तार लांबवली तरी काही बिघडत नाही, फक्त तो फेजच्या तारेतच जोडलेला असावा. आवाज दाबण्यासाठी चोकभोवती फोम किंवा कापड गुंडाळणे मात्र धोक्याचे आहे. चोकवर ‘टीडब्ल्यू १३०’ असा शिक्का असतो, तो वेटोळ्याच्या तापमानाची १३० अंश सेल्सिअस ही मर्यादा दाखवतो. इंदूरच्या मे महिन्यात खोलीच आधी तापलेली असते, त्यात चोकची हवा अडवली तर त्याचे आयुष्य झपाट्याने घटते.

इलेक्ट्रॉनिक चोक आधी विजेचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो आणि मग ट्यूबला सेकंदाला साधारणपणे २०,००० पेक्षा अधिक आवर्तनांनी वीज देतो. माणसाच्या कानाची मर्यादाच २०,००० च्या आसपास असल्याने चांगल्या स्थितीतील असा चोक जवळजवळ निःशब्द असतो. त्यामुळे त्यातून बारीक शीळ, किरकिर किंवा चरचर ऐकू येऊ लागली, तर ती त्याच्या स्वभावातली न मानता आतला भाग बिघडत असल्याची खूण मानावी. बहुधा उष्णतेने कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, सुकलेला असतो, किंवा आतील लहान कॉइलला धरून ठेवणारा डिंक सुटलेला असतो. येथे रबराचे वायसर घालून आवाज थोडा दबेल, पण बिघाड तसाच राहील, म्हणून हा चोक बदलावा. त्याला दूर भिंतीवर नेण्याचा मोहही टाळावा, कारण जलद आवर्तनांच्या तारा लांबल्या की ट्यूब नीट पेटत नाही आणि रेडिओत खरखर येते.

बदलताना वॉट जुळवणे आवश्यक आहे. दोन फुटी १८ वॉटच्या एकट्या ट्यूबला ३६ वॉटचा तांब्याचा चोक लावला, तर तिच्यातून जास्त प्रवाह जाऊन ती लवकर जळते. तांब्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक बसवायचा असेल, तर स्टार्टर काढून सगळ्या तारा नव्याने जोडाव्या लागतात. जुन्या दोन टोकांत नवा चोक अडकवून काम होत नाही. हे काम प्लग काढूनच करावे, आणि इलेक्ट्रॉनिक चोक उघडायचाच असेल तर कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते हे विसरू नये. पाण्याजवळचा प्रत्येक प्लग ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर असावा, आणि तार प्लगकडे जाण्यापूर्वी खाली झोळ घेऊन जावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता झोळातून खाली पडते.

आता एलईडी ट्यूबचा विचार बरेच जण करतात आणि तो योग्यही आहे, कारण पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत फ्लुओरेसेंट नळ्यांचे उत्पादन २०२७ पर्यंत थांबवण्याचा निर्णय झाला आहे. परंतु तांब्याचा चोक तसाच ठेवून नुसती ट्यूब बदलली, तर चोकमधून वीज वाहतच राहते आणि गुणगुण पूर्ण जाईलच असे नाही. चोक सर्किटमधून काढून टाकणेच बरे. काढलेला तांब्याचा चोक भंगारवाला आनंदाने घेतो. इंदूर महापालिकेच्या कचरा गाडीत कचरा सहा प्रकारांत वेगळा द्यावा लागतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक चोक ई-कचऱ्यात आणि पाऱ्याची जुनी ट्यूब न फोडता घरगुती घातक कचऱ्यात द्यावी.