परदेशी निधी आणि विदर्भातील ग्रामपंचायती: एका अभ्यासक्रमाची पार्श्वभूमी

विदर्भातल्या कोणत्याही गावात ग्रामसभेत उभे राहून "हा पैसा नेमका कुठला?" असे विचारले, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येते: अनुदान आहे. ठिबकचे अनुदान, शौचालयाचे अनुदान, शाळेचे अनुदान. सरकारने दिलेली सवलत, परत न घेण्याच्या बोलीवर दात्याने दिलेली रक्कम आणि राज्याने जागतिक बँकेकडून उचललेल्या कर्जातून आलेला हप्ता, या तीन वेगळ्या गोष्टी आपल्या भाषेने एकाच शब्दात बांधून टाकल्या आहेत. सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक यांना आंतरराष्ट्रीय निधीचे प्रशिक्षण द्यायचे तर पहिली गाठ इथेच सोडवावी लागते. आणि ती पडली कशी, हे समजायला सत्तर वर्षे मागे जावे लागते.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी जानेवारीत भारत आणि अमेरिका यांच्यात तांत्रिक सहकार्याचा करार झाला होता. गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार करणाऱ्या प्रशिक्षण केंद्रांना फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने पैसा पुरवला. विदर्भ तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, नागपूर राजधानी होती आणि स्थानिक कारभारासाठी १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या होत्या. म्हणजे ग्रामसेवक नावाच्या माणसाचे पहिले शिक्षणच काही अंशी परदेशी पैशातून झाले. त्याला शिकवले ते सुधारित बियाणे, खत, शोषखड्डे, प्रौढशिक्षण. हा पैसा कोणत्या कराराने आला, त्याच्या अटी काय, हा विषय त्या वर्गात नव्हता. पुढच्या सत्तर वर्षांत तो क्वचितच आला.

पुढचा टप्पा भंडाऱ्याचा. फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञांनी १९५९ मध्ये भारताच्या अन्नटंचाईवर अहवाल दिला आणि त्यातून सघन कृषी जिल्हा कार्यक्रम, म्हणजे तेव्हाची 'पॅकेज योजना', उभी राहिली. महाराष्ट्रातून तिच्यासाठी भंडारा निवडला गेला. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होते, वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. धानाच्या त्या बांध्यांवर परदेशात सुचलेली कल्पना येऊन पोचली, पण कास्तकारासाठी ती तालुक्याच्या कचेरीतून आलेली सरकारी योजना होती. अमेरिकेचे धान्य गावाला खरे दिसले ते रेशनच्या दुकानात, लाल गव्हाच्या आणि १९७२ च्या दुष्काळातल्या मिलो या ज्वारीच्या रूपात. जुनी माणसे अजून त्या मिलोच्या भाकरीची चव सांगतात.

याच भूमीत दुसरा विचारही होता. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगाचे अर्थशास्त्र मांडत होते: गावाने आधी आपल्या हातातल्या साधनांचा हिशेब करावा. ही शिकवण पंचायतीच्या प्रशिक्षणात उतरली नाही याची मला आजही खंत वाटते. बाहेरच्या पैशाशी बरोबरीने बोलायचे, तर आपल्याकडे काय आहे हे आधी ठाऊक हवे.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. त्यांचा आराखडा आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. घडी मजबूत बसली, तरी परदेशी पैशाला गावात यायला दोनच वाटा राहिल्या. एक सरकारी: दिल्ली, मुंबई, जिल्हा, तालुका. दुसरी संस्थांची. भामरागडजवळच्या हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, आणि पुढे त्याच्या दवाखान्यासाठी स्विसएड या स्वित्झर्लंडच्या संस्थेची मदत मिळाली. अशा मदतीने विदर्भात मोलाची कामे उभी राहिली. पण या दोन्ही वाटांवर ग्रामपंचायत होती ती शेवटच्या थांब्यावर. करारावर सही दुसऱ्याची, खड्डा खणायचा आपण.

१९९० नंतर हे थोडे बदलू लागले. २४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीला घटनेत जागा मिळाली. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी, म्हणजे आयफॅड, या संयुक्त राष्ट्रांच्या वित्तसंस्थेच्या कर्जातून महाराष्ट्रात ग्रामीण पतपुरवठ्याचा प्रकल्प आला. महिला आर्थिक विकास महामंडळाने, माविमने, बचत गट बांधायला घेतले. पुढे २००७ मध्ये ग्रामीण महिलांसाठीचा तेजस्विनी प्रकल्प आला, तोही आयफॅडच्या साहाय्याने. त्यातून राज्यभर बचत गटांना जोडणारी ३१५ लोकसंचालित साधन केंद्रे उभी राहिली.

या केंद्रांपाशी मी जरा थांबतो, कारण प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम लिहिणाऱ्याला इथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. गटातल्या बायका महिन्याला वीस-तीस रुपये बचत करत पासबुक वाचायला शिकल्या, मग गटाचे लेखे, मग केंद्राचा ताळेबंद. प्रकल्प २०१८ मध्ये संपला, केंद्रे मात्र गटांच्या मालकीची होती आणि सेवाशुल्कावर चालायची होती. शिकलेली माणसे आणि त्यांची दप्तरे एका छपराखाली राहिली. पंचायतीत दर पाच वर्षांनी निवडणूक होते, आरक्षण फिरते, सरपंच बदलतो, ग्रामसेवकाची बदली होते. शिकलेले सगळे त्यांच्याबरोबर निघून जाते.

जलस्वराज्य या पाणीपुरवठा प्रकल्पाचा अनुभव हेच सांगतो. जागतिक बँकेच्या कर्जातून २००३ ते २००९ या काळात २६ जिल्ह्यांत हा प्रकल्प चालला. तोपर्यंत नळयोजना म्हणजे वरून मंजूर झालेली, ठेकेदाराने बांधलेली आणि दोन उन्हाळ्यांत बंद पडलेली गोष्ट असायची. इथे गावाने मागणी करायची, ग्रामसभेत ठराव घ्यायचा, साधारण दहा टक्के लोकवर्गणी जमवायची आणि आदिवासी गावांनी त्याहून कमी. पैसा गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या खात्यात यायचा. खरेदी समितीने करायची, तीन दरपत्रके मागवायची, सामाजिक लेखापरीक्षण समितीने तपासायचे. परदेशी कर्जाची अट, खरेदीचा नियम आणि हप्त्याचे गणित एवढ्या मोठ्या प्रमाणावर गावाच्या हातात येण्याची ती पहिली वेळ होती. प्रशिक्षणही मनापासून झाले. प्रकल्प संपला तसे प्रशिक्षक गेले, समित्या कागदावर उरल्या, आणि त्या अनुभवाचे रूपांतर पंचायतीच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात झाले नाही. दहा वर्षांनी दुसरा प्रकल्प आला तेव्हा त्याच गावात दरपत्रक म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली.

मधल्या काळात विदर्भाची ओळख देशभर शेतकरी आत्महत्यांचा प्रदेश अशी झाली. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्याच सहा जिल्ह्यांत, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा इथे, २००९ पासून आयफॅडच्या सुमारे चार कोटी डॉलरच्या कर्जाने समन्वित कृषी विकासाचा प्रकल्प आला. लोक त्याला 'केम' म्हणत. टाटा न्यासांचाही त्यात वाटा होता. वेगवेगळ्या योजनांचा पैसा एका गावात एकत्र आणायचा, ही कल्पना चांगली होती. पण एकत्र आणायचे तर कोणाच्या तरी टेबलावर सगळ्या योजनांचा हिशेब दिसायला हवा. ते टेबल खरे तर ग्रामपंचायतीचे. ती तयारी पंचायतीकडे नव्हती, आणि कोणी करूनही घेतली नाही.

आता पोकरा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हे पूर्ण नाव गावात फारसे कोणी घेत नाही. पोकराचे शेडनेट, पोकराची मोटर असेच बोलतात. २०१८ मध्ये करार झाला. एकूण ६० कोटी डॉलर, त्यात ४२ कोटी जागतिक बँकेचे कर्ज, उरलेले राज्याचे. अमरावती विभागाचे पाचही जिल्हे आणि वर्धा त्यात होते. शिवाय पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, जिथे विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही, त्यासाठी वेगळा विचार होता. ग्रामसभेतून ग्राम कृषी संजीवनी समिती निवडायची, सूक्ष्म नियोजन करायचे, शेतकऱ्याने आधी खर्च करायचा आणि मग रक्कम थेट त्याच्या खात्यात यायची.

यातला पैशाचा मार्ग सांगितला की लोक एकदम सावध होऊन ऐकतात. जागतिक बँक ग्रामपंचायतीला पैसे देत नाही, राज्यालाही थेट देत नाही. राज्यघटनेच्या कलम २९३ नुसार राज्य फक्त देशाच्या हद्दीत कर्ज काढू शकते. म्हणून कर्ज घेते केंद्र सरकार, आणि तेच कर्ज त्याच अटींवर राज्याच्या अंगावर टाकते. बाराव्या वित्त आयोगापासूनची ही रीत. रुपया घसरला तर वाढलेला बोजा राज्य सोसते. खर्चाचा मोठा भाग राज्य आधी करते, मग त्याचे दाखले दिल्लीला जातात आणि तेवढी रक्कम उचलली जाते. म्हणजे गावाच्या समितीने खर्चाचा कागद नीट लावला नाही, तर त्याचा धागा थेट वॉशिंग्टनपर्यंत तुटतो. रोकडवही, नमुना ५, हा कंटाळवाणा कागद राहत नाही मग.

दुसरी वाट, देणगीची, तिच्याबद्दल गावात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत आणि सगळ्यात जास्त धोकाही. परदेशी अंशदान नियमन कायदा पहिल्यांदा आला १९७६ मध्ये, आणीबाणीत. त्याच्या जागी २०१० चा कायदा आला. या कायद्यात 'विधानमंडळ' या शब्दाची व्याख्या विधानसभेपाशी थांबत नाही, तिच्यात घटनेतली पंचायतही येते. त्यामुळे ग्रामपंचायतीचा निवडून आलेला सदस्य परदेशी अंशदान स्वीकारू शकत नाही. किती सरपंचांना हे माहीत आहे? एखाद्या परदेशी पाहुण्याने शाळा पाहून खूश होऊन सरपंचाच्या हातात रक्कम ठेवली, तर ती भल्या मनाने घेणारा माणूस अडचणीत येऊ शकतो.

गावचा मुलगा अमेरिकेत आहे आणि अभ्यासिकेसाठी पैसे पाठवतो, हे उदाहरण आता वऱ्हाडात घरोघर लागू पडते. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते परदेशी अंशदान नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर तोच मुलगा, तेच पैसे, पण कायद्याच्या लेखी स्रोत परदेशी. उलट संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि जागतिक बँक या कायद्याच्या अर्थाने परदेशी स्रोत नाहीत. हे बारकावे कळण्यासाठी वकील लागत नाही, दोन तासांचा वर्ग पुरतो. तो घेतलाच गेलेला नाही.

२०२० च्या दुरुस्तीने छोट्या संस्थांची वाट आणखी अरुंद झाली. नोंदणीकृत संस्थेलाही परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. परदेशी रकमेसाठीचे पहिले खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उघडावे लागते. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या संस्थेने निधी आणायचा आणि मारेगाव किंवा धानोऱ्यातल्या छोट्या संस्थेने काम करायचे, ही जुनी रीत त्यामुळे थांबली. नियमनाचा हेतू मान्य केला तरी मेळघाट आणि गडचिरोलीसारख्या भागात याची झळ कामाला बसते, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

गडचिरोलीचेच एक उदाहरण उलट्या दिशेचे आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या विक्रीचा अधिकार प्रत्यक्ष हातात आला. "दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा सगळ्यांना पाठ आहे. घोषणेमागे वर्षानुवर्षांचा अभ्यास गट होता, तो कमी लोकांना ठाऊक आहे. निर्णय करण्याआधी विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, प्रश्न विचारायचे. आंतरराष्ट्रीय निधीच्या प्रशिक्षणाला याहून चांगला नमुना मला माहीत नाही. तज्ज्ञ बोलतो आणि गाव ऐकते असा तो वर्ग नव्हता.

आज पंचायतीच्या प्रशिक्षणाचा सरकारी सांगाडा उभा आहे. पुण्यात यशदा ही राज्याची प्रशिक्षण संस्था आहे, २०१८ पासून राष्ट्रीय ग्रामस्वराज अभियान आहे, 'आमचा गाव आमचा विकास' आराखडा दरवर्षी करावा लागतो, शाश्वत विकासाची ध्येये नऊ संकल्पनांत बसवून गावापर्यंत आणली आहेत. ही ध्येये २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरली. त्याच वर्षी अदिस अबाबात झालेल्या वित्तविषयक जाहीरनाम्यात स्थानिक संस्थांची क्षमता वाढवण्याची बाब लिहिली गेली. ध्येये गावाच्या फळ्यावर आली. वित्ताची बाजू अजून यायची आहे.

म्हणून यवतमाळ-वाशीमसाठी अभ्यासक्रम लिहिताना पहिल्या दिवशी तक्ते आणि स्लाइड नकोत, असे माझे मत आहे. प्रत्येक पंचायतीने कपाटातले जुने दप्तर घेऊन यावे: जलस्वराज्यचे ठराव, केमची यादी, पोकराचा सूक्ष्म आराखडा, बचत गटाच्या केंद्राचा ताळेबंद. सतरंजीवर ते पसरावे आणि प्रत्येक रकमेपुढे तीन रकाने भरावेत: कर्ज की देणगी, कोणी फेडायचे, अट कोणती. जिथे रकाना रिकामा राहील, तिथून दुसऱ्या दिवसाचा पाठ सुरू करावा.