शंभर टक्क्यांवर लटकलेला अपलोड

लग्नसराईत नागपुरातल्या व्हिडिओ एडिटरांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. सीताबर्डीच्या स्टुडिओतून चार जीबीची फाईल एफटीपीनं, म्हणजे फाईल पाठवायच्या जुन्या इंटरनेट पद्धतीनं, मुंबईच्या सर्व्हरवर चढवायला लावली. तासभर पट्टी सरकली, शंभर टक्के झाले, अन् तिथंच लटकलं. मग ‘टाइमआउट’. शिव्या इंटरनेटवाल्याला बसतात. पण फाईल बहुतेकदा मुंबईत पूर्ण पोचलेली असते! हरवलेली असते ती फक्त पोचल्याची खबर.

एफटीपीचा पहिला मसुदा १९७१ साली अभय भूषण यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत असताना लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले. आज चालणारं रूप १९८५ च्या प्रमाणकावर उभं आहे. त्यात एका कामासाठी दोन जोडण्या लागतात. एकीवरून, म्हणजे पोर्ट २१ वरून (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार), हुकूम आणि उत्तरं जातात. दुसरीवरून फक्त फाईल. फाईल जात असताना पहिली जोडणी गप्प बसलेली असते. शेवटी सर्व्हर तिच्यावरूनच ‘२२६’ हा आकडा पाठवतो. त्याचा अर्थ, माल मिळाला.

घोळ मधल्या राउटरमध्ये आहे. स्टुडिओतले सगळे कॉम्प्युटर आणि फोन बाहेर एकाच पत्त्यानं वावरतात, म्हणून कोणाची जोडणी कुठं चालली आहे याची नोंद राउटर ठेवतो. ही युक्ती १९९० च्या दशकात कागदावर आली, तेव्हा एफटीपी वयात आलेलं होतं. नोंदवहीची जागा मर्यादित, त्यामुळे बराच वेळ गप्प असलेली जोडणी राउटर खोडून टाकतो. आणि अनेकदा तसं कोणालाच कळवत नाही. दोन्ही टोकांना वाटतं, जोडणी शाबूत आहे. इतवारीच्या गोदामात माल उतरला, पण पोचपावती घेऊन निघालेल्या माणसाला फाटकावरच अडवलं, असा हा प्रकार.

आता हिशेब पाहा. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर चार जीबी, म्हणजे ३२ गिगाबिट, जायला ३,२०० सेकंद लागतात. जवळपास ५३ मिनिटं. तेवढा वेळ पहिली जोडणी मुकी. फोटो दोन मिनिटांत जातात, म्हणून त्यांना हा त्रास कधी होत नाही.

२००८ च्या एका प्रमाणकानुसार राउटरनं अशी गप्प जोडणी किमान २ तास ४ मिनिटं सांभाळायला हवी. हा विचित्र आकडा येतो कुठून? टीसीपीत, म्हणजे या जोडण्या ज्या नियमांवर चालतात त्यांत, ‘जागा आहेस का?’ असं विचारणारी कीप-अलाइव्ह नावाची सोय आहे, आणि ती मुळात दोन तासांनी पहिली हाक मारते. पण कित्येक राउटर इतका दम धरत नाहीत. तेव्हा ही हाक पाच-पाच मिनिटांनी जाईल असं सेटिंग करणं हा खरा इलाज. ‘टाइमआउटचे सेकंद वाढवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण इथं त्याचा काडीचा उपयोग नाही. जे उत्तर वाटेतच टाकून दिलं गेलं, त्याची आणखी वाट पाहून काय होणार?

शून्यावरच अडकत असेल तर तो आजार वेगळा: दुसरी जोडणीच उघडत नाही. तिथं पॅसिव्ह मोड (ज्यात दुसरी जोडणीही आपलाच कॉम्प्युटर उघडतो) आणि सर्व्हरच्या फायरवॉलमधले, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणाऱ्या पहाऱ्यातले, पोर्ट तपासावेत. मध्येच तुटत असेल तर ‘रिझ्यूम’, म्हणजे तुटलं तिथून पुढं पाठवायची सोय, वापरावी.

सर्व्हरवाला तयार असेल तर सरळ एसएफटीपी मागा. नाव सारखं असलं तरी घराणं निराळं. तिथं हुकूम आणि फाईल पोर्ट २२ वरच्या एकाच जोडणीतून जातात, त्यामुळे अपलोड चालू असताना ती गप्प पडायचा प्रश्नच येत नाही. नसेल तर निदान सॉफ्टवेअरचा आपोआप पुन्हा पाठवण्याचा पर्याय बंद ठेवा, आणि लटकल्यावर सर्व्हरवरच्या फाईलचा आकार बाइटपर्यंत ताडून पाहा. कारण त्याच नावानं पहिल्यापासून पाठवायला लागलात, की बहुतेक सर्व्हर आधी पोचलेली धडधाकट फाईल शून्यावर आणून ठेवतात.